दारू सुटलेल्या माणसाच्या घरी ‘वेलनेस’ विकणाऱ्यांपासून सावध राहा

दारू सुटून काही महिने झालेला माणूस आणि त्याची भेदरलेली बायको यांना गाठून ‘होलिस्टिक वेलनेस’ची पॅकेजं विकणारे लोक आपल्या जळगाव भागात आहेत. त्यांनी आमच्या घरचे ६५,००० रुपये नेले आणि माझा मोठा भाऊ मरता मरता वाचला. तक्रार चालू आहे म्हणून केंद्राचं नाव लिहीत नाही. पण त्यांची पद्धत पुरती सांगतो, म्हणजे दुसऱ्या नावाने कुणी आलं तरी ओळखता येईल.

आम्ही यावल तालुक्यातले. घरची केळी आहे आणि माझं सबमर्सिबल मोटारी रिवाइंडिंगचं दुकान आहे. नानांची, म्हणजे माझ्या मोठ्या भावाची, दारू फार वर्षांची. शेवटी सिव्हिलच्या मनोविकार विभागात दाखल केलं. दारू एकदम बंद झाली की पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, माणूस भ्रमात जाऊ शकतो, म्हणून तिथे गोळ्या दिल्या, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. घरी सोडताना तलफ कमी करणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या आणि दर महिन्याला दाखवायला बोलावलं. नाना सुधारले. त्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणी माहेरी आल्या आणि घरात एकही भांडण न होता परत गेल्या. मायला तेवढंच हवं होतं.

पण दारू सुटली म्हणजे सगळं सुटलं असं होत नाही. नानांना रात्र रात्र झोप नसायची, बारीकसारीक गोष्टीवर चिडायचे, गुमसुम बसायचे. असं कित्येक महिने चालू शकतं, हे डॉक्टरांनी सांगितलंही होतं. ओपीडीच्या गर्दीत मात्र सगळं विचारायला वेळ मिळत नाही. नेमक्या ह्याच फटीत ही मंडळी शिरतात. वहिनींच्या मोबाइलवर जाहिरात आली, मग मंगल कार्यालयात मोफत शिबिर. बोलणारे गोड, ‘ताई, आता तुम्ही एकट्या नाही’ म्हणणारे. एवढी वर्षं वहिनींना असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांना मी दोष देत नाही, कुणी देऊही नये.

पॅकेज ९० दिवसांचं. योग, ध्यान, रस, शरीरशुद्धी. १०० टक्के गॅरंटी, पैसे मात्र आधी आणि एकरकमी. पावतीवर लिहिलं ‘योग प्रशिक्षण शुल्क’. त्यावर ना नोंदणी क्रमांक, ना कुणा डॉक्टरचं नाव.

आता त्या शुद्धीचं सांगतो, कारण लोक तिथेच भुलतात. टबात कोमट पाणी घेऊन त्यात मीठ टाकतात, पाय बुडवायला लावतात आणि एक यंत्र सुरू करतात. थोड्याच वेळात पाणी विटकरी होतं, वर फेस येतो. ‘बघा, वर्षांची दारू निघते आहे.’ नानांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी म्हटलं, पाय न घालता एकदा चालवून दाखवा. तर म्हणे यंत्र शरीराच्या ऊर्जेवर चालतं, असं चालवता येत नाही. माझा जन्म मोटारी उघडण्यात गेला. दुकानात येऊन प्लॅस्टिकच्या टबात मिठाचं पाणी घेतलं, दोन लोखंडी पट्ट्या सोडल्या आणि १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडल्या. कुणाचा पाय नाही की काही नाही, तरी पाणी तसंच विटकरी झालं, तसाच फेस आला. विजेने लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो, एवढंच ते आहे. रात्री तळपायाला लावायच्या पट्ट्याही दिल्या होत्या, सकाळी काळ्या पडणाऱ्या. एक कोरी पट्टी वहिनींनी भाताच्या वाफेवर धरली, तीही काळी पडली. प्यालेली दारू यकृत साधारण दिवसभरात निकाली काढतं. महिनोन्महिने न प्यालेल्या माणसाच्या पायातून ती कुठून निघणार? मागे राहते ती मेंदूला लागलेली सवय, आणि ती टबात उतरत नाही.

हे नानांना दाखवलं, पण त्यांची श्रद्धा बसली होती. नुसते पैसे गेले असते तर मी इतकं लिहिलं नसतं. खरं नुकसान पुढे झालं. केंद्रातल्या ‘कोच’ने सिव्हिलच्या गोळ्या बंद करायला लावल्या. ‘ही रसायनं आत असली तर शुद्धी होत नाही.’ गोळ्या बंद झाल्या, महिन्याची भेट बंद झाली. पुढे केळीचा भाव पडला, कापणीला आलेले घड व्यापारी उचलेनात, आणि नाना पुन्हा प्यायले.

वहिनी रडत केंद्रात गेल्या. तिथे त्यांना बिनलेबलची एक भुकटी दिली, वेगळे पैसे घेऊन. ‘चहात टाका, त्यांना कळू देऊ नका.’ दुसऱ्याच दिवशी नाना पिऊन आले तेव्हा चेहरा लालभडक, उलट्या थांबेनात, छाती धडधडते, अंग गार. ‘माले काय व्हयनं?’ एवढंच म्हणत होते. सिव्हिलला नेलं तेव्हा रक्तदाब फार खाली गेलेला. डॉक्टरांनी भुकटीचं ऐकलं आणि डायसल्फिरामचा संशय सांगितला. हे दारू सोडवण्यासाठीचं खरं औषध आहे. ते पोटात असताना दारू घेतली की दारूचं विघटन अर्ध्यावर अडकतं आणि रक्तात विषारी द्रव्य साठतं. म्हणून ते रोग्याला सगळं समजावून, त्याच्या संमतीनेच देतात, आणि शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास गेल्याशिवाय कधीच देत नाहीत. बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत त्याचा परिणाम राहू शकतो. हृदय कमजोर असेल तर माणूस जाऊ शकतो. चोरून चहात टाकणं म्हणजे जीवाशी खेळ आहे, मग भुकटीला कुणी आयुर्वेदिक म्हणो की आणखी काही.

पैसे परत मागितले तर उत्तर आलं, ‘नानांनी मनापासून केलं नाही.’ ह्या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. आधीच शरमेने मान खाली घातलेल्या माणसावर त्यांनी आपली लबाडी ढकलली, आणि नानांनी ते खरं मानलं. ते बाहेर काढायला सिव्हिलच्या समुपदेशक ताईंना फार मेहनत घ्यावी लागली.

योग-प्राणायामाला मी वाईट म्हणत नाही. नाना आजही सकाळी करतात आणि त्यांना झोप बरी लागते. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणातही योग आहे, पण डॉक्टर, समुपदेशन आणि घरी गेल्यानंतरचा पाठपुरावा त्याच्या सोबत आहे. जो योगासाठी गोळ्या सोडायला लावतो, त्याच्या दारातूनच परत फिरा. केंद्र सरकारच्या २०१९च्या पाहणीत दिसलं की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांत एकालाच कसलेतरी उपचार मिळतात. उरलेली ३७ घरं ह्या लोकांचं गिऱ्हाईक आहेत.

व्यसनी रुग्णांना दाखल करून उपचार देणाऱ्या केंद्राला २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. तो क्रमांक मागा. मानसोपचारतज्ज्ञ कोण, ते कधी येतात, रात्री झटका आला तर काय करणार, हे विचारा. आम्ही भुकटीबद्दल अन्न व औषध प्रशासनाकडे आणि पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो आहोत. आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. पावती, व्हॉट्सअॅपवरचे निरोप, यूपीआयची नोंद, सगळं जपून ठेवा.

असली भुकटी तुमच्या घरात असेल तर आजच देणं थांबवा आणि ज्याला दिली त्याला स्पष्ट सांगा, म्हणजे तो निदान दोन आठवडे दारूला हात लावणार नाही. पुडी फेकू नका, सिव्हिलच्या डॉक्टरांना दाखवा, तक्रारीतही ती लागेल. कुणाशी बोलायचं सुचत नसेल तर १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे आणि १४४१६ मानसिक आरोग्यासाठी. दोन्हीकडे पैसे लागत नाहीत.