गुपचूप काटा की भरदरबारात खून? ‘ट्रॅव्हलर’ खेळवणाऱ्यांसाठी

१९७७ साली आलेल्या ‘ट्रॅव्हलर’ या अंतराळातल्या रोल-प्लेइंग खेळात बातमी जहाजापेक्षा वेगाने जात नाही आणि एका जंपला, म्हणजे ताऱ्यांमधल्या एका उडीला, साधारण आठवडा लागतो. गुपचूप हत्येला हे सोयीचं: शेजारच्या ग्रहावर कळेपर्यंत मारेकरी तिथूनही निघालेला असतो. मात्र एका उडीत लांबचा पल्ला मारणाऱ्या (जंप-४) ‘एक्स-बोट’ या टपालजहाजांचं टपाल त्याला गाठू शकतं, म्हणून टपालमार्गापासून दूरचं जग निवडा. खरी गोची फाशांची. शिरणं, विष घालणं, सटकणं अशा फाशांच्या तीन चाचण्या लावल्या, तर यशासाठी दोन फाशांवर ८ किंवा जास्त पडण्याची शक्यता दर वेळी ४२ टक्के. तिन्ही साधण्याची जेमतेम ७. त्यामुळे चाचणी चुकली म्हणून बेत फसवू नका, मागे पुरावा राहू द्या.

भरदरबारात मारणं एका फेरीत उरकतं, खेळ त्यानंतर सुरू होतो. या खेळाच्या विश्वात साम्राज्याच्या सन १११६ मध्ये आर्चड्यूक डुलिनॉर सम्राट स्ट्रेफॉनला दरबारातच गोळी घालतो, हत्येच्या हक्काने (सम्राटाला मारणाराच नवा सम्राट) सिंहासन मागतो, पण राजधानीत टिकत नाही आणि साम्राज्याची शकलं होतात. साक्षीदार, वारस आणि बातमी नेणारं पहिलं जहाज आधीच ठरवा. वारस ठरला नसेल तर पुढचं सत्र नुसत्या पाठलागात वाया जातं. टेबलावर चार खेळाडू असतील तर हाच प्रकार बरा; गुपचूप हत्येत एक जण खेळतो, तिघे मोबाइल बघतात.