चौतीस हजारांचे मिग-२१ आणि २८ गेजची तार: दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या रविवारी रात्री गच्चीवरच्या खोलीतला दिवा मालवून मी रिमोटची डावी दांडी पुढे ढकलली, माझ्या मिग-२१ लढाऊ विमानाच्या मॉडेलच्या शेपटीत नारिंगी दिव्यांची ज्वाळा पेटली आणि शेपटी जागची हलली नाही. शेपटी न हलण्याचे एवढे कौतुक कशासाठी, असे ज्यांना वाटेल त्यांनी हे किट घेतलेले नाही किंवा घेऊन अजून खोक्यातून काढलेले नाही. या एका थरथरीशी मी सहा महिने झगडलो, त्यातले पाच आठवडे विक्रेत्याशी भांडण्यात गेले, आणि शेवटी जो उपाय सापडला त्याला दीडशे रुपये आणि एक दुपार लागली. त्या दीडशे रुपयांचा राग अजून गेलेला नाही, हे वाचकांनी आधीच लक्षात घ्यावे.

किट म्हणजे सुटे भाग जोडून घरी करायचे मॉडेल. माप १:८, म्हणजे मूळ विमानाच्या पंखांचा ७.१५ मीटरचा पसारा इथे ८९ सेंटीमीटरवर येतो आणि नाकावरची पिटोनळी (वेग मोजणारी लांब नळी) धरली तर लांबी पावणेदोन मीटरांच्या पुढे जाते. अमळनेरसारख्या गावात कुरिअरवाल्याने एवढे खोके दारात ठेवले तेव्हा गल्लीतल्या लोकांना घरात नवा फ्रीज आला असे वाटले होते. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये वायुदलाने मिग-२१ ला निरोप दिला, त्याच आठवड्यात मी ही मागणी नोंदवली. माझे मामा नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते आणि माझ्या लहानपणीच्या सुट्ट्या मिगच्या गोष्टी ऐकण्यात गेल्या, एवढे कारण मला पुरेसे होते. घरात ते कोणालाच पुरेसे वाटले नाही. किट ३४,००० रुपये. रिमोट, बॅटरी, रंग, अराल्डाइट आणि किरकोळ सामान मिळून आणखी साडेदहा हजार. आईने पहिल्याच दिवशी विचारले, "हाई उडस का नही?" उडत नाही, हे उत्तर मी तिला आजवर निदान दहा वेळा दिले असेल. हे प्रदर्शनाचे मॉडेल आहे. त्याच्या शेपटीचे आणि पंखांचे पृष्ठभाग हलतात, चाके आत-बाहेर होतात, दिवे लागतात, आणि साडेसहा किलोचे हे धूड जमिनीवरच राहते.

चांगल्या गोष्टी आधी सांगतो, कारण नंतर त्यांना जागा उरणार नाही. चाकांची यंत्रणा अप्रतिम आहे. मूळ मिग-२१ चे पंख इतके पातळ आहेत की त्यांत चाक मावतच नाही, म्हणून पाय आतल्या बाजूला दुमडून पंखात आडवा होतो आणि चाक मात्र स्वतःभोवती जवळजवळ काटकोनात वळून पोटात उभे राहते. किटमध्ये हे सगळे एका छोट्या पितळी कळेवर बेतलेले आहे. बटण दाबल्यावर सात सेकंद लागतात; पाचव्या सेकंदाला चाक वळायला लागते, सहाव्याला ते पोटाच्या फुगवट्यात शिरते आणि शेवटी झाकण इतक्या हळू मिटते की दर वेळी आता हे अडकणार असे वाटते आणि ते अडकत नाही. मामा नाशिकहून आले तेव्हा त्यांनी हा प्रकार अकरा वेळा करायला लावला. मग मी मोठ्या हौसेने दिलेल्या चंदेरी रंगाकडे पाहून म्हणाले, "एकाहत्तरचं विमान करायचं होतं का तुला? ते एफएल प्रकारचं होतं, त्याची पाठ सडपातळ. हे बिस आहे, याची पाठ बघ कशी फुगलीय." रंगाच्या चार डब्यांचे पैसे गेलेलेच होते, त्यामुळे विमान चंदेरीच राहिले.

दिशादर्शक दिव्यांबाबत एक चूक माझीच झाली आणि ती कबूल केली पाहिजे. डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्याला हिरवा आणि शेपटीला पांढरा, हा नियम वैमानिक बसतो त्या दिशेने पाहून लावायचा असतो. किटच्या पुस्तिकेतले चित्र समोरून काढलेले आहे. मी चित्राकडे पाहत डाख दिला आणि आठवडाभर उलट्या दिव्यांचे विमान पाहुण्यांना दाखवत राहिलो. पुस्तिका छापणाऱ्यांना या चित्राशेजारी बाणाची एक खूण करता आली असती.

आता थरथर. डिसेंबरअखेर विमान पूर्ण झाले. जोडणीच्या काळात मी प्रत्येक सर्व्हो (पृष्ठभाग हलवणारी छोटी मोटर) वेगळा तपासला होता, शेपटीतली ज्वाळेची कडीही वेगळी तपासली होती, आणि सगळे सुरळीत होते. सर्व एकत्र चालू केले ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. दांडी ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेली की आफ्टरबर्नरची, म्हणजे इंजिनामागच्या ज्वाळेची, कडी पेटते. चोवीस बारीक एलईडी नारिंगी-लाल रंगात सतत कमीजास्त होत लवलवतात आणि अंधारात ते दृश्य खरोखर जिवंत दिसते. त्याच क्षणी मागचे आडवे पंख हिवताप आल्यासारखे थरथरू लागले. मिगचे हे आडवे पंख अखंडच्या अखंड फिरतात, त्यामुळे थरथर लपत नाही. ज्वाळा जितकी लवलवे तितकी शेपटी थरथरे. हा एवढा ढळढळीत पुरावा माझ्या डोळ्यांसमोर नाचत होता आणि मी सर्व्होला दोष देत बसलो.

विक्रेत्यानेही सर्व्होलाच दोष दिला. आधी चित्रफीत मागितली, मग उजेडात काढलेली चित्रफीत मागितली, मग बिलाचा फोटो. नवीन सर्व्हो पाठवला, पण कुरिअरचे १८० रुपये माझ्याकडून घेतले. नवीन सर्व्होही तसाच थरथरला. मग चार दिवसांच्या शांततेनंतर संदेश आला की ग्रामीण भागात विजेचा दाब कमी असतो, तेव्हा आपण स्टॅबिलायझर लावून पाहावा. विमान बॅटरीवर चालते. त्याच्या पोटात ११.१ व्होल्टची लिथियम बॅटरी आहे, जी त्यांच्याच यादीनुसार मी घेतली होती, आणि तिचा भिंतीतल्या विजेशी चार्जिंगपुरता संबंध येतो. मी हे सविस्तर लिहिले. उत्तरात अंगठ्याचे चिन्ह आले. त्या दिवशी मी पाचपैकी एक तारा देऊन मोकळा झालो होतो आणि इलेक्ट्रॉनिक बोर्ड भंगाराच्या लायकीचा आहे, असेही लिहून टाकले होते. बोर्डाविषयीचे ते वाक्य मी आज मागे घेतो, का ते पुढे येईलच.

मधल्या काळात उन्हाळ्याने स्वतंत्र धडा दिला. आमची गच्चीवरची खोली पत्र्याची आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण मुलांना घेऊन माहेरी आली, भाच्यांना विमान दाखवायला म्हणून मी वरची चादर काढली, तर दोन्ही पंखांच्या टोकांवरची दिव्यांची घरे वितळल्या मेणबत्तीसारखी खाली वाकलेली. किटमधले थ्रीडी प्रिंटरवर छापलेले भाग पीएलए प्लास्टिकचे आहेत आणि ते साठ अंशांच्या जवळपास मऊ पडते. खानदेशात एप्रिलमध्ये बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असतील तर पत्र्याखाली, चादरीत गुंडाळलेल्या वस्तूचे काय होईल, हे किट बनवणाऱ्याने धरलेले नाही आणि मीही धरले नाही. जळगावात एकाकडून तेच भाग पीईटीजी या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये छापून घेतले. ते साधारण ऐंशी अंशांपर्यंत तग धरते. दोन घरे, चाकांची चार झाकणे, एकूण ४२० रुपये. मेचा बाकी महिना विमान खालच्या खोलीत देव्हाऱ्याच्या शेजारी होते आणि पीव्हीसी पाइपांच्या तुकड्यांपासून मी केलेला स्टँड आईला आजही खुपतो. जळगावात पाइपांची टंचाई नाही, तेव्हा स्टँडला खर्च शून्य. बॅटरी मात्र उन्हाळ्यात पूर्ण चार्ज करून ठेवू नका. प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा. माझी एक बॅटरी भाकरीसारखी फुगली.

जूनमध्ये मामांना फोनवर या थरथरीची कहाणी पुन्हा एकदा ऐकवत होतो. त्यांनी ती मुकाट ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला, "शेपटीशी व्होल्ट किती पोहोचतो, मोजलास का?" मोजला नव्हता. बोर्डावर मोजला होता, तिथे बरोबर पाच भरत होता, आणि पाच व्होल्ट निघाले म्हणजे पाच पोहोचले असे मी गृहीत धरले होते. गावच्या टाकीतून पाणी सुटले म्हणजे शेवटच्या घराच्या नळाला आले, असे मानण्यासारखेच ते होते, आणि माझे घर गल्लीतले शेवटचे आहे.

मल्टिमीटर लावला. ज्वाळा बंद असताना शेपटीशी ४.९. ज्वाळा पेटवल्यावर ४.६. ज्वाळा पेटलेली असताना शेपटी वर-खाली केली की आकडा चारच्या खाली डुबकी मारून परत येई. हे सर्व्हो किमान ४.८ व्होल्टसाठी बनलेले आहेत. मग किटमध्ये आलेली तयार वायरिंग उघडून पाहिली: बोर्डापासून शेपटीपर्यंत तीन सर्व्हो, चोवीस एलईडींची कडी आणि पांढरा दिवा या सर्वांसाठी मिळून २८ गेजची एकच जोडी (गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक). या तारेचा रोध दर मीटर लांबीला सुमारे ०.२१ ओहम, बोर्ड ते शेपटी सव्वा मीटरपेक्षा जास्त, जायची आणि यायची मिळून दोन मीटर साठ सेंटीमीटर, म्हणजे अर्ध्या ओहमपेक्षा अधिक. कडी नारिंगीत पाऊण अँपिअरच्या आसपास घेते, सर्व्हो जोर लावताना त्यावर आणखी एकाहून जास्त. गुणाकार आठवीच्या मुलालाही करता येईल: एक व्होल्ट वाटेतच खलास. वर सर्वांची परतीची तार एकच असल्यामुळे ज्वाळा लवलवली की सर्व्होचा शून्यच डळमळतो, आणि रिमोटने न दिलेला हुकूम त्याला दिल्यासारखा वाटतो. सर्व्हो चांगला होता, बोर्ड चांगला होता, माझ्या गावची वीज तर या प्रकरणात कुठेच नव्हती. चौतीस हजारांच्या वस्तूत कोणीतरी तारेत शंभर रुपये वाचवले होते.

काटकसर मलाही कळते; मी जुन्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर हिशेब लिहिणारा माणूस आहे. पण जिथून प्रवाह जायचा तिथे केलेली ही काटकसर पाहून मी रात्री अकराला उठून पुन्हा एकदा तार मोजली होती.

नवी तार ओवणे हे खरे काम. शेपूटभाग चिकटवून, लांबी भरून, रंगवून झालेला. मी पोटाखालच्या मागच्या एअरब्रेकचे (हवेत वेग कमी करणाऱ्या झडपेचे) झाकण काढले. मूळ विमानाला तिथे तिसरा एअरब्रेक असतो आणि किटमध्येही ती चौकोनी खिडकी सुदैवाने ठेवलेली आहे. जुन्या तारेच्या टोकाला नवी २० गेजची सिलिकॉन तार पीळ देऊन डाखली, वर दोरा गुंडाळला आणि पायजम्यात नाडी ओवतात तशी पुढून ओढत, मागून सारत नेली. प्लायच्या तिसऱ्या चौकटीत गाठ अडकली. तेव्हा सायकलच्या ब्रेकची जुनी तार खिडकीतून घालून, आरशात बघत, गाठ एका बाजूला दाबावी लागली. या एका चौकटीने पाऊण तास खाल्ला. सर्व्होंना एक जोडी आणि दिव्यांना वेगळी जोडी, अशा दोन जोड्या नेल्या आणि सर्व्होंच्या टोकाशी १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (क्षणभराची वीज साठवणारा भाग) बसवला. हुकुमाच्या तारा जुन्या बारीकच ठेवल्या, कारण त्यांतून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. सगळे पेटवून, शेपटी हलवत मोजले: ४.८५.

त्यामुळे मत बदलून लिहितो. चाकांना पूर्ण गुण. बोर्डालाही पूर्ण गुण, कारण एवढा उपाशी राहूनही तो एकदाही बंद पडला नाही. दिव्यांची ज्वाळा आता पाहताना अंगावर काटा येतो आणि एका बॅटरीवर विमान दोन-अडीच तास चालते. परवा संध्याकाळी वीज गेली तेव्हा खोलीत तेवढाच उजेड होता. वायरिंगला शून्य आणि ग्राहकसेवेला त्याहून कमी, पण त्याहून कमी देण्याची सोय नसल्यामुळे एकूण तीन तारे. घेणार असाल तर शेपूटभाग चिकटवण्याआधी किटमधली मागची जोडी काढून टाका, मग माझ्यासारखा आरसा लागणार नाही. विक्रेत्याला मी मोजणीचे आकडे फोटोंसह पाठवले आहेत. त्यांनी पुन्हा अंगठा दाखवला.

काढलेली २८ गेजची तार आईने उचलून नेली. त्याच तारेने तिने अंगणातला गिलक्याचा वेल मांडवाला बांधला आहे, आणि दोन पाऊस झाले तरी वेल सुटलेला नाही.