स्लीप गायब, रिकव्हरी बंद: एसएसडीवर क्लोन केलेल्या घरच्या डेस्कटॉपचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

१६ जीबी रॅम, ५०० जीबीची एसएसडी, विंडोज ११. जुन्या हार्ड डिस्कवरचं विंडोज जसंच्या तसं एसएसडीवर क्लोन केलेलं, म्हणजे हुबेहूब उतरवलेलं, आणि सोबत ग्राफिक्स कार्डही नवं. वेग अपेक्षेप्रमाणे वाढला, त्यावर फार काही लिहिण्यासारखं नाही. अडचण झाली दुसरीकडेच: पॉवर मेनूतून स्लीप नाहीसं झालं आणि रिकव्हरीची, म्हणजे विंडोज बिघडल्यावर ते दुरुस्त करायची सोय बंद पडली. पहिली गोष्ट त्याच दिवशी लक्षात येते. दुसरी कळते ती मशीन सुरू व्हायचं थांबल्यावर, म्हणजे उपयोग संपल्यावर.

स्लीप दिसत नसेल तर लगेच सेटिंग्ज चाळत बसू नका. कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा आणि पॉवरसीएफजी /ए ही कमांड द्या (इथे कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप अर्थात इंग्रजीतच करायच्या). मशीनला कोणत्या स्लीप अवस्था मिळतात, कोणत्या नाहीत आणि का नाहीत, हे सगळं ती सांगते. एस१ आणि एस२ समोर ‘फर्मवेअर सपोर्ट करत नाही’ असं येणं नेहमीचंच, ते सोडून द्या. बघायचं ते एस३, म्हणजे काम रॅममध्ये ठेवून बाकी मशीन झोपवणारं नेहमीचं स्लीप.

एस३ समोर ‘इंटर्नल सिस्टिम कंपोनंट’ने ती बंद केली आहे असं येत असेल आणि खाली ग्राफिक्सचा उल्लेख असेल, तर दोष ड्रायव्हरचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स उघडा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर’ असेल तर विंडोज कामचलाऊ ड्रायव्हरवर चाललं आहे, आणि त्या ड्रायव्हरवर स्लीप मिळत नाही. कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर टाका आणि मशीन रिस्टार्ट करा. शट डाउन करून पुन्हा चालू करणं इथे पुरेसं नाही: फास्ट स्टार्टअप (मशीन लवकर चालू व्हावं म्हणून असलेली सोय) चालू असताना शट डाउनमध्ये कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, डिस्कवर साठवून ठेवला जातो, खरी नवी सुरुवात रिस्टार्टमध्येच होते.

एस३ समोरही फर्मवेअरचंच (मदरबोर्डमधल्या मूळ सॉफ्टवेअरचं) कारण असेल तर बायॉसमध्ये, म्हणजे त्याच्याच सेटिंग्जमध्ये, ‘सस्पेंड टू रॅम’सारखा पर्याय शोधा. एस३ उपलब्ध आहे, पण मेनूत स्लीप नाही? मग कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, तिथे वरची ‘सध्या उपलब्ध नसलेली सेटिंग्ज बदला’ या अर्थाची लिंक दाबली की खालच्या स्लीपच्या चौकोनात टिक करता येते.

लॅपटॉपवाल्यांसाठी एक इशारा. त्यांच्याकडे बहुधा एस० लो पॉवर आयडल, म्हणजे मॉडर्न स्टँडबाय असतं, एस३ ऐवजी वापरलं जाणारं नवं स्लीप. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) प्लॅटफॉर्मएओएसीओव्हरराइड नावाची व्हॅल्यू शून्य करून ते बंद करण्याचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. फर्मवेअरमध्येच एस३ नसेल तर तो केल्यावर असलेलं स्लीपही जातं. मग ती व्हॅल्यू काढून टाकायची आणि रिस्टार्ट.

आता आपल्याकडच्या भारनियमनाचा मुद्दा. साध्या स्लीपमध्ये उघडं काम फक्त रॅममध्ये असतं, वीज गेली की गेलं. डेस्कटॉपवर यावर उपाय हायब्रिड स्लीप: काम रॅममध्ये राहतं आणि एक प्रत डिस्कवरही जाते. ‘जागा वाचवा, हायबरनेट (उघडं काम डिस्कवरच्या फाइलमध्ये साठवून मशीन बंद करणं) बंद करा’ हा सल्ला ऐकून कुणी पॉवरसीएफजी /एच ऑफ केलं असेल, तर हायब्रिड स्लीप आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही जातात. पॉवरसीएफजी /एच ऑन केलं, तरीही हायबरनेट येत नसेल तर पॉवरसीएफजी /एच /टाइप फुल द्या. हायबरनेटची फाइल रॅमच्या सुमारे ४० टक्के होते, १६ जीबीला साडेसहा जीबीच्या आसपास. इन्व्हर्टर नसलेल्या घरात एवढी जागा खुशाल द्यावी.

मशीन मध्यरात्री आपोआप जागं होत असेल तर पॉवरसीएफजी /लास्टवेक बघा, कुणी जागं केलं ते कळतं. नेटवर्क कार्ड असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये फक्त मॅजिक पॅकेटने (मशीन जागं करण्यासाठी नेटवर्कवरून मुद्दाम पाठवलेल्या संदेशाने) जागं होण्याची टिक लावा. माउस असेल तर त्याची मशीन जागं करण्याची परवानगी काढा.

रिकव्हरीचं प्रकरण जास्त किचकट. रीएजंटसी ही रिकव्हरीची कमांड. रीएजंटसी /इन्फो दिल्यावर स्टेटस ‘डिसेबल्ड’ दिसलं तर क्लोन करताना रिकव्हरी पार्टिशन (डिस्कवरचा रिकव्हरीसाठी राखलेला वेगळा भाग) मागे राहिलं आहे, किंवा नोंदीत अजून जुन्या डिस्कचा पत्ता आहे. आधी रीएजंटसी /इनेबल करून बघा. इमेज (रिकव्हरीची मूळ फाइल) सापडत नाही असं उत्तर आलं, तर तुमच्याच आवृत्तीची विंडोजची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल घ्या, सोर्सेस फोल्डरमधली इन्स्टॉल नावाची मोठी फाइल सेव्हन-झिपने उघडा, आणि विंडोज, सिस्टिम३२, रिकव्हरी या वाटेवरची विनआरई (रिकव्हरी वातावरणाची) फाइल सी ड्राइव्हवर त्याच वाटेवर ठेवा. मग रीएजंटसी /सेटआरईइमेज /पाथ पुढे त्या फोल्डरचा पत्ता, आणि पुन्हा /इनेबल. वेगळ्या पार्टिशनशिवायही हे चालतं. मात्र सी ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) असेल तर चालत नाही, तिथे पार्टिशन लागतंच.

पार्टिशन असलं तरी लहान पडू शकतं. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० वर केबी५०३४४४१ हा अपडेट अनेकांकडे ०एक्स८००७०६४३ ही एरर देऊन फसला तो याच कारणाने. मायक्रोसॉफ्टचा उपाय: सी २५० एमबीने आकसायचं, रिकव्हरी पार्टिशन काढून मोठं करून पुन्हा बनवायचं. हे जमतं ते पार्टिशन सीच्या लगेच नंतर असेल तरच. जुन्या इन्स्टॉलमध्ये ते डिस्कच्या सुरुवातीला असतं, तिथे नवं शेवटी बनवावं लागतं. डिस्कपार्टला (पार्टिशन बदलणाऱ्या कमांडला) हात लावण्याआधी रीएजंटसी /डिसेबल करा आणि बिटलॉकरची ४८ अंकी की मशीनबाहेर कुठेतरी ठेवा. दहा-वीस जीबीचं पार्टिशन दिसलं तर ते कंपनीची मूळ इमेज असण्याची शक्यता जास्त, डिलीट करू नका.

सिस्टिम रिस्टोर, म्हणजे विंडोजच्या फाइल आणि सेटिंग्ज आधी नोंदवलेल्या स्थितीला (रिस्टोर पॉइंटला) परत नेणं, हा वेगळा विषय, लोक दोन्हींची गल्लत करतात. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोर पॉइंट’ शोधा. सी समोर प्रोटेक्शन ‘ऑफ’ असेल तर चालू करा आणि ५ ते १० जीबी द्या. जागा भरली की जुने पॉइंट आपोआप जातात. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत जून २०२५ च्या अपडेटपासून ते जास्तीत जास्त ६० दिवस टिकतात. पॉवरशेलमधून चेकपॉइंट-कॉम्प्युटरने पॉइंट बनवणाऱ्यांनी लक्षात ठेवा, २४ तासांत दुसरा बनत नाही. आणि यात फोटो, कागदपत्रं परत येत नाहीत, बॅकअप वेगळाच ठेवावा लागतो. चालू विंडोजमधून रिस्टोर फसला तर शिफ्ट धरून रिस्टार्ट करा आणि रिकव्हरी वातावरणातून करा. बऱ्याचदा अँटिव्हायरसने धरलेली फाइलच आडवी आलेली असते.

काही महिन्यांच्या वापरानंतर स्लीपची तक्रार उरलेली नाही. रिकव्हरीवर मात्र डोळा ठेवावा लागतो. मोठा अपडेट आला की रीएजंटसी /इन्फो बघायचंच. ऑक्टोबर २०२५ च्या विंडोज ११ अपडेटने तर रिकव्हरी वातावरणात यूएसबी कीबोर्ड-माउसच चालेनासे झाले होते, २० तारखेला तातडीची दुरुस्ती आली. १६ जीबीच्या पेन ड्राइव्हवर रिकव्हरी ड्राइव्ह बनवून ठेवा, आणि मदरबोर्डला पीएस/२ पोर्ट (यूएसबीआधीचा गोल पोर्ट) असेल तर त्याला लागणारा जुना कीबोर्ड भंगारात देऊ नका.