बॉनेट गरम होते: जुनी डिझेल गाडी घेताना माझी झालेली फसवणूक

२०१३ सालची डिझेल डिझायर मी २,९५,००० रुपयांना घेतली. त्यातले १५,००० टोकन म्हणून रोख दिले आणि २,८०,००० बँकेतून पाठवले. मीटरवर ७१,३४० किलोमीटर दिसत होते. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या त्या माणसाने "साहेब, इंजिन मक्खन आहे, पाच वर्षं बॉनेट उघडायला लागणार नाही" असे छातीठोकपणे सांगितले होते. महिनाभरात बॉनेटच नव्हे, अख्खे इंजिन उघडावे लागले आणि त्याचे ८६,३५० रुपये झाले.

या गाडीतले १.३ लिटरचे डिझेल इंजिन मूळ फियाटचे. सुझुकीने ते मानेसरला, तर फियाटने रांजणगावला बनवले आणि निम्म्या देशाने ते चालवले. वेळेवर तेल बदलले तर ते दीर्घकाळ साथ देते, हे खरेच आहे, आणि त्याच नावावर हे लोक वाट्टेल ती गाडी खपवतात. या इंजिनात टायमिंग बेल्ट नसून साखळी असते आणि ती ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. तेल बदलण्याची टाळाटाळ झाली की साखळी सैल पडते. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत तेल खाली उतरलेले असल्यामुळे सकाळी पहिला स्टार्ट मारल्यावर काही सेकंद खडखड ऐकू येते. इंजिन गरम असेल तर तो आवाज बहुधा येतच नाही.

मी गाडी पाहायला गेलो तेव्हा बॉनेट गरम होते. हात ठेवल्यावर चटका बसला, म्हणून मी विचारलेही. "आत्ताच धुवून आणली" असे उत्तर मिळाले आणि इंजिन खरोखरच आरशासारखे लखलखत होते. बारा वर्षांच्या डिझेल इंजिनावर तेलाचा एक ओघळ नाही, हे पाहून कोणाही जाणत्या माणसाने तिथूनच परत फिरायला हवे होते, असे आता मला सगळेच ऐकवतात. पण मी ओळखीचा मेकॅनिक सोबत नेला होता, पीयूसी ताजे होते आणि धूर नावालाही नव्हता. याहून अधिक गिऱ्हाइकाने काय करायचे?

धूर का नव्हता, ते नंतर कळले. या इंजिनाला पातळ तेल लागते. त्यात काकवीसारखे घट्ट तेल ओतले होते, त्यामुळे झिजलेल्या पिस्टन रिंगा (तेल वर जाऊन जळू नये म्हणून पिस्टनवर बसवलेली कडी) काही दिवस झाकल्या गेल्या. मी तेल बदलून घेतले आणि निळा धूर सुरू झाला. गॅरेजवाल्याने इंजिन चालू ठेवून तेलाचे झाकण उघडले, तर आतून भकाभका वाफा आल्या, ही रिंगा झिजल्याचीच खूण. झाकण उघडून पाहायला अर्धे मिनिटही लागत नाही, तेव्हा पैसे देण्याआधी ते पाहाच. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर नोंदी काढल्या, तर २०१९ मध्येच गाडी १,४८,००० किलोमीटर चाललेली होती. या नोंदी टोकन देण्यापूर्वी मूळ मालकाकरवी काढून घ्या. एजंटने दाखवलेल्या झेरॉक्सला काडीची किंमत नाही.

यानंतरचा मनस्ताप वेगळाच. पोलीस चौकीत "हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा" म्हणून माझा अर्जसुद्धा घेतला नाही. मीटर मागे फिरवून पैसे उकळणे ही फसवणूक नाही, तर फसवणूक म्हणायचे तरी कशाला? परिवहन कार्यालयात तर कहरच झाला. जुन्या गाड्यांची विक्री करणाऱ्यांना नोंदणी प्राधिकाऱ्याचे अधिकृत प्रमाणपत्र बंधनकारक करणारा केंद्राचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. या विक्रेत्याकडे ते आहे का, एवढेच मी विचारत होतो. या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवले गेले आणि शेवटी "नाव ट्रान्सफर झाले ना, मग तुमची अडचण काय?" असा प्रतिप्रश्न ऐकावा लागला. नियम असूनही तो कोणाच्या टेबलावर आहे हे कार्यालयालाच ठाऊक नसेल, तर तो केला कोणासाठी? १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर निदान तक्रार क्रमांक तरी मिळाला. विक्रेत्याने मात्र तिकडेही "गाडी पाहून, चालवून घेतली आहे" असे कळवून हात झटकले.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क लागत नाही. किलोमीटरचा आकडा विक्रेत्याने व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवला होता, तोच माझा मुख्य पुरावा आहे. तोंडी बोलण्यावर गेलो असतो तर हातात काहीच उरले नसते. गाडी पाहायला सकाळी न कळवता जा, इंजिन थंड असेल तरच स्टार्ट मारायला सांगा, आणि विक्रेता त्याला नाही म्हणाला तर टोकन खिशातच ठेवा.