मागचे शॉकअप पार्किंगमध्ये, पुढचे गॅरेजात

दहा-बारा वर्षांची अल्टो, वॅगनआर किंवा स्विफ्ट आणि रोजची वाट ठाण्याचा घोडबंदर रोड, नाहीतर मुंब्रा बायपास. अशा गाडीचे शॉकअप गेले की मालक विचारतो, घरी बदलू की मेकॅनिककडे देऊ? याला एकच उत्तर नाही, कारण मागचा शॉकअप आणि पुढचा स्ट्रट (स्प्रिंगसकट असलेला शॉकअप) ही दोन वेगळी कामं आहेत. मागचं काम हाताला पाना माहीत असलेला माणूस सुट्टीच्या दिवशी दोन-तीन तासांत उरकू शकतो. पुढचं घरी न केलेलंच बरं. का, ते खाली येतंच.

आधी शॉकअपच गेलाय ना?

नळीवर पुसट तेलकटपणा आणि त्यावर चिकटलेली धूळ असेल तर घाबरायचं कारण नाही. तेलाचा ओघळ खालच्या बुशपर्यंत (टोकाच्या रबरी जोडापर्यंत) आला असेल तर मात्र सील गेलं. गाडी दाबून सोडायची चाचणी सगळेच करतात. दोन-तीनदा डोलली तर शॉकअप गेला म्हणा, पण डोलली नाही म्हणजे तो चांगला आहे असं नाही, जुने बुश आखडले की तेही गाडी धरून ठेवतात. त्यापेक्षा टायरवर तळहात फिरवून बघा. रबर ठिकठिकाणी वाटीसारखं खाल्लेलं लागलं, तर चाक रस्त्यावर टिकत नाही, उड्या मारतंय.

पुढून खड्ड्यात ‘टक-टक’ येत असेल तर लिंक रॉड (स्ट्रटला जोडलेली छोटी दांडी) आणि स्ट्रटचं वरचं माउंटिंग आधी तपासा. लिंक रॉड स्वस्त असतो आणि चटकन बदलता येतो. तो न बघता शॉकअपची जोडी घातली, पैसे गेले आणि आवाज तसाच राहिला, ही तक्रार नेहमीची आहे.

मागचं काम: घरी चालेल

चाकामागे डोकावून बघा. स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा उभा दिसत असेल तर काम सोपं. स्प्रिंग शॉकअपवरच चढवलेली असेल तर ते पुढच्या स्ट्रटसारखंच धरा आणि विषय सोडून द्या.

सामान असं: १४, १७ आणि १९चे रिंग पाने, एक मोठी रॅचेट, टॉर्क रेंच (ठरावीक जोरापर्यंत आवळायचा पाना), जॅक दोन, जॅक स्टँड दोन, तारेचा ब्रश आणि गंज सोडवणारा स्प्रे. हा स्प्रे आदल्या रात्रीच मारून ठेवा. खाडीकाठची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी ऐरोली-वाशीकडच्या गाड्यांचे खालचे बोल्ट बुशच्या पोलादी नळीत जाम बसलेले असतात. घरी अडतं ते बहुतेक इथेच.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर जॅक आणि स्टँडखाली जाड फळी हवीच, नाहीतर एखादा ब्लॉक खचतो आणि स्टँड तिरका होतो. उतारावर तर हे काम काढूच नका. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो आणि उचलायचं आहे मागचंच चाक. म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून विटा लावा.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. मग गाडी उचलून स्टँडवर घ्या आणि काढलेलं चाक आडवं करून दाराखालच्या पट्टीखाली सरकवा. स्टँड घसरलाच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही. दुसरा जॅक ॲक्सलला हलका टेकवा. शॉकअप सुटला की ॲक्सल आणखी खाली जातो, ब्रेकचा होज ताणला जातो आणि कधी स्प्रिंगच जागा सोडते.

वरचा नट काही गाड्यांत डिकीच्या आतल्या ट्रिममागे, तर काहींत चाकाच्या खोबणीत असतो. नट फिरवताना आतला दांडा सोबत फिरतो, म्हणून दांड्याच्या टोकाला दिलेल्या सपाट बाजू छोट्या पान्याने धरायच्या. चकचकीत दांड्यालाच पक्कड लावू नका. जुना दांडा खराब झाला तर हरकत नाही, पण त्याच सवयीने नव्याला ओरखडा पडला की तो सील कापतो आणि शॉकअप काही आठवड्यांत गळायला लागतो. खालचा बोल्ट हातोडीने मागे सारायचा असेल तर नट आट्यांच्या टोकापर्यंत चढवून मग ठोका, म्हणजे आटे चेपत नाहीत.

रबर आणि वॉशर काढण्याआधी त्यांच्या क्रमाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे अडलं तर नमुना समोरच असतो. जोडी मात्र दोन्ही बाजूंची बदलायची. एक नवा आणि एक थकलेला शॉकअप असला तर ब्रेक मारताना मागची बाजू ओढते.

नवा शॉकअप खोक्यात आडवा पडलेला असतो. बसवण्याआधी तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि पूर्ण उघडा, आतली हवा तेलातून वर निघून जाते. गॅस भरलेला शॉकअप दाबून पट्टीने बांधलेला असतो, पट्टी कापली की तो आपोआप लांब होतो, म्हणून आधी वरचं टोक बसवा आणि मग पट्टी कापा.

शेवटची चूक महागात पडते. चाक हवेत लटकत असताना खालचा बोल्ट पूर्ण आवळायचा नाही. तसा आवळला तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो, गाडी जमिनीवर आली की आणखी पिळला जातो आणि काही महिन्यांत फाटतो. बोल्ट नुसता हाताने बसवा, चाकं लावून गाडी खाली उतरवा, आणि मगच सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत टॉर्क रेंचने आवळा. सेल्फ-लॉकिंग नट जुने परत वापरू नका. शंभरेक किलोमीटरनंतर एकदा पाना पुन्हा लावून बघा.

पुढचं काम: गॅरेजातच

पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. त्यात शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असतात आणि स्प्रिंग कायम दाबलेली असते. ती कॉम्प्रेसरने नीट आवळायच्या आधी मधला नट काढला तर वरची थाळी गोळीसारखी सुटते. दोन हुकांचा स्वस्त कॉम्प्रेसर एका बाजूने सरकला तरी तेच होतं. त्यातून निभावलं तरी स्ट्रट आणि नकल (चाक धरणारा भाग) जोडणाऱ्या बोल्टांना थोडी ढील असते, त्यामुळे चाकाचा कॅम्बर, म्हणजे आत-बाहेरचा कल, बदलतो आणि अलाइनमेंट करावीच लागते. म्हणजे गाडी तशीही अलाइनमेंटवाल्याकडे न्यायची आहे. स्ट्रट घरी काढायचा आणि फक्त स्प्रिंग बदलायला गॅरेजात न्यायचा, असंही काही जण करतात, पण त्यात मेहनत वाढते आणि पैसे फारसे वाचत नाहीत.

गॅरेजात देतानाही चार गोष्टी मेकॅनिकला आधी सांगून ठेवा. दांड्याच्या नटावर इम्पॅक्ट गन लावू नका. बंप स्टॉप (दांड्यावरचा रबरी ठोकळा) आणि डस्ट कव्हर फाटले असतील तर नवे घाला. वरचं माउंटिंग आणि त्यातलं बेअरिंग हाताने फिरवून बघा. खरखर लागली तर ते आत्ताच बदलून घ्यावं, नाहीतर त्याच मजुरीसाठी पुन्हा यावं लागतं. आणि काढलेले जुने सुटे भाग मला परत द्या.

माल कुठला घ्यायचा

गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला, की गॅब्रिएल, मनरो, कायाबा अशा नावाचा? रोजच्या वापरात या दोन्हींत फार फरक जाणवत नाही. गॅब्रिएल तर आपल्या शेजारच्या मुलुंडमध्येच १९६१मध्ये सुरू झालेली कंपनी. खोक्यावरचा भाग क्रमांक तुमच्या मॉडेलशी, वर्षाशी आणि डाव्या-उजव्या बाजूशी जुळवून घ्या, पुढच्या स्ट्रटला तर नक्कीच. रिकंडिशन केलेला सीलबंद शॉकअप मात्र स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. नळी कापून, तेल भरून, वेल्डिंग करून वरून रंग मारलेला असतो आणि आतला व्हॉल्व्ह जुनाच राहतो. बाइकच्या पुढच्या फोर्कचं तसं नाही, तो ऑइल सील आणि तेल बदलण्यासाठीच बनवलेला असतो.

पैशांचं गणित

मागच्या जोडीची मजुरी वाचते, पण स्टँड, टॉर्क रेंच आणि दुसरा जॅक नव्याने घ्यायचा असेल तर पहिल्या वेळी हातात काही उरत नाही. हत्यारं आधीपासून असतील, किंवा घरात दोन गाड्या असतील, तर घरी करण्यात अर्थ आहे. गाडी पंधरा वर्षांच्या नोंदणीच्या टोकाला आली असेल तर पुढची जोडी घालण्याआधी नूतनीकरण करायचं की नाही हे ठरवा.

दुचाकीचं थोडक्यात. स्प्लेंडरचे मागचे दोन्ही शॉकअप मेन स्टँडवर एकेक करून निघतात, दुसरा गाडी धरून असतो. ॲक्टिव्हाला मात्र एकच शॉकअप आणि मेन स्टँड इंजिनला जोडलेला. तो शॉकअप सुटला की बॉडी थेट खाली बसते, म्हणून फ्रेमला आधी आधार लावा.

जुने शॉकअप भंगारवाल्याला देताना ते गॅसचे असतील तर तसं सांगा. तापवले किंवा कापले तर ते फुटू शकतात.