बुर्गिबा की फरहात अब्बास : आधी कोणाला वाचावं?

उत्तर आफ्रिकेचा स्वातंत्र्यलढा एखाद्या माणसाच्या चरित्रातून समजून घ्यायचा म्हटलं की दोन नावं हमखास पुढे येतात. ट्युनिशियाचा हबीब बुर्गिबा आणि अल्जीरियाचा फरहात अब्बास. एक वकील, दुसरा औषधविक्रेता. पण दोघेही वर्तमानपत्राच्या वाटेने राजकारणात आले आणि दोघांनीही फ्रेंचांशी भांडण फ्रेंचमध्येच मांडलं. अग्रलेख लिहून तुरुंगात जाणारे पुढारी आपल्याला नवे नाहीत, म्हणून मराठी वाचकाला हे दोघेही चटकन ओळखीचे वाटतात. प्रश्न एवढाच, की सुरुवात कोणापासून करायची.

सोय बघायची तर बुर्गिबापासून. त्याची गोष्ट सरळ चढत जाते. १९३२ मध्ये ‘लाक्सियाँ त्युनिझिएन’ हे पत्र, १९३४ मध्ये क्सार हेलाल गावी नव-दस्तूर हा स्वतःचा पक्ष, मग हद्दपारी, तुरुंग, कैरो आणि १९५६ च्या मार्चमध्ये स्वातंत्र्य. पाठोपाठ ऑगस्टमध्ये बहुपत्नीत्वावर बंदी आणणारा, घटस्फोट कोर्टातूनच घ्यायला लावणारा कायदा. या एका कायद्यासाठी त्याचे शंभर गुन्हे माफ करणारे लोक आहेत, आणि त्यांच्याशी वाद घालायची माझी फारशी इच्छा नाही.

अब्बास वाचताना मात्र दमछाक होते. पक्षांची आद्याक्षरं बदलत राहतात, पत्रांची नावं बदलतात, माणूसही बदलतो. शिवाय त्याचं अरबी कच्चं आणि लेखन सगळं फ्रेंचमध्ये. माझ्यासारख्या कामचलाऊ फ्रेंचवाल्याला त्याची लांबलचक वाक्यं पुन्हा मागे जाऊन वाचावी लागतात.

तरीही दोघांच्या लेखणीत फरक कुठे आहे, हे पाहायला एक जागा नामी आहे : कबरस्तान. फ्रेंच नागरिकत्व घेतलेल्या मुसलमानाला मुसलमानांच्या कबरस्तानात पुरू द्यायचं का, हा वाद ट्युनिशियात पेटला तेव्हा बुर्गिबाच्या पत्राने तो उचलून धरला आणि ठाम विरोध केला. स्वतः बुर्गिबा काही फार कर्मठ नव्हता. पण लोक कशावर उसळतील हे त्याला बरोबर कळत होतं. १९३३ मध्ये पत्रावर बंदी आली, तोवर त्याचं नाव झालं होतं. अब्बासही कबरस्तानात गेला, पण वेगळ्याच कामाला. १९३६ च्या फेब्रुवारीत त्याने लिहिलं, की अल्जीरियन राष्ट्र कुठे सापडतं का ते मी इतिहासाला विचारलं, जिवंतांना विचारलं, मेलेल्यांना विचारलं, कबरस्तानं पालथी घातली. कोणीच त्याबद्दल बोललं नाही. लेखाचा मथळा ‘फ्रान्स म्हणजे मीच’ असा. अल्जीरियातल्या मुस्लिम धर्मपंडितांचा पुढारी शेख बेन बादीस याने दोनच महिन्यांत त्याला खरमरीत उत्तर दिलं. हा लेख आयुष्यभर अब्बासच्या तोंडावर मारला गेला.

आणि त्याच माणसाने १९४३ मध्ये अल्जीरियाला स्वतःची राज्यघटना मागणारा ‘अल्जीरियन जनतेचा जाहीरनामा’ लिहिला. ८ मे १९४५ ला, दोस्तांच्या विजयाचं अभिनंदन करायला तो गव्हर्नर-जनरलकडे गेला होता. तिथेच बाहेर ताटकळत असताना त्याला अटक झाली. तिकडे त्याच्या सेतिफ गावात गोळीबार सुरू झाला होता. पुढे १९५६ मध्ये तो कैरोत फ्रान्सशी सशस्त्र लढणाऱ्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीत सामील झाला आणि १९५८ मध्ये अल्जीरियाच्या हंगामी सरकारचा पहिला अध्यक्ष. मत बदलण्याचा हा सगळा प्रवास छापील स्वरूपात, तारखेसकट मागे राहिला आहे. एवढं उघड्यावर मत बदललेला पुढारी निदान माझ्या वाचनात तरी विरळा.

हे सगळं जमेला धरूनही मी बहुधा बुर्गिबाकडेच झुकलो असतो. आड आलं ते १९६१ साल. बशीर बेन याहमद हा त्याचाच जुना मंत्री, ‘आफ्रिक आक्सियाँ’ नावाचं साप्ताहिक चालवत होता. ऑक्टोबरमध्ये त्यात एकहाती सत्तेवर टीका करणारा लेख आला. राष्ट्राध्यक्ष बुर्गिबाला तो झोंबला. साप्ताहिकाला नावातलं ‘आक्सियाँ’, म्हणजे बुर्गिबाच्या १९३२ च्या पत्राच्या नावातला तोच शब्द, सोडावा लागला. नोव्हेंबरपासून ते ‘जन आफ्रिक’ म्हणून निघू लागलं आणि काही महिन्यांत त्याने देशही सोडला. म्हटलं तर किरकोळ प्रकरण. कोणाला फासावर दिलं नाही. पण फ्रेंचांच्या बंदीविरुद्ध ज्या शब्दाच्या नावाने आपण उभे राहिलो, तोच शब्द दुसऱ्या संपादकाकडून काढून घ्यायचा, हे माझ्या घशाखाली उतरत नाही. त्यावर कळस म्हणजे १९७३ मध्ये याच बुर्गिबाने ट्युनिसच्या पत्रकारिता संस्थेत विद्यार्थ्यांसमोर व्याख्यानमाला दिली. विषय? स्वतःचं चरित्र. दीडेक वर्षात तहहयात राष्ट्राध्यक्षपदही आलं. एकदा हे खटकलं की मागची पानंसुद्धा पूर्वीसारखी वाचता येत नाहीत. प्रत्येक ‘आम्ही’मध्ये ‘मी’ ऐकू येतो.

कोणी म्हणेल, अब्बासच्या हाती खरी सत्ता आलीच कुठे? बरोबर आहे. हंगामी सरकारातही बंदुका दुसऱ्यांकडे होत्या. पण खुर्ची होती. स्वतंत्र अल्जीरियाच्या संविधान सभेचा तो अध्यक्ष होता, आणि पंतप्रधान बेन बेल्लाने राज्यघटनेचा मसुदा सभेला डावलून अल्जिअर्सच्या माजेस्टिक सिनेमागृहात पक्षाच्या लोकांपुढे मंजूर करून घेतला तेव्हा अब्बासने राजीनामा दिला. बदल्यात पक्षातून हकालपट्टी आणि १९६४ मध्ये सहारात स्थानबद्धता. १९७६ मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, तेव्हाचा सत्ताधीश बूमेदिएन याच्या एकाधिकाराविरुद्ध पत्रकावर सही करून पुन्हा नजरकैद ओढवून घेतली. हे थोडं हट्टीपणाचंही असेल. मला ते आवडतं.

तेव्हा स्त्रियांचे कायदे, शिक्षण, राज्ययंत्रणा यात रस असेल तर बुर्गिबा घ्या, पस्तावणार नाही. नाहीतर अब्बासचा १९३६ चा लेख, मग ४३ चा जाहीरनामा आणि त्यानंतर थेट त्याचं १९८४ चं, हयातीत आलेलं शेवटचं पुस्तक, या क्रमाने जा. मधली आद्याक्षरं पहिल्या वाचनात खुशाल गाळा.