लेबलवर एकच माप की दोन?

अमेरिकेतला शीतपेयाचा कॅन हातात घ्या: १२ फ्लुइड औंस, शेजारी ३५५ मिलिलिटर. तिथे १९९४पासून बहुतेक घरगुती वस्तूंच्या पाकिटांवर दोन्ही मापं सक्तीची आहेत. युरोपीय संघात मेट्रिक बंधनकारक, जोडीला दुसरं माप ऐच्छिक, तेही मेट्रिकपेक्षा मोठ्या अक्षरात नाही. ही सवलत २००९च्या अखेरीस संपणार होती. त्याच वर्षी ती बेमुदत केली. निर्यातदार सुटले, नाहीतर अमेरिकेसाठी वेगळं लेबल छापावं लागलं असतं.

दुहेरी छपाईत जागा जाते, हे खरं. पण मला खटकतो तो औंसच: अमेरिकी फ्लुइड औंस २९.५७ मिलिलिटर, ब्रिटिश २८.४१. नाव एकच, माप वेगळं! मिलिलिटरची ही भानगडच नाही. माझं मत फक्त मेट्रिकला.